सवयी कामगाराच्या, निर्णय मालकाचे

५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन हे आता कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या पंचांगातील एक व्रत होऊन बसले आहे. सकाळी प्रवेशद्वाराशी रोपे लावली जातात, अधिकारी चार शब्द बोलतात, कर्मचारी हात पुढे करून शपथ घेतात आणि छायाचित्र निघते. मग वर्षभर भिंतींवर सूचना झळकत राहतात. दिवे-पंखे बंद करा, कागद दोन्ही बाजूंनी वापरा, चहासाठी घरून कप आणा, जिन्याने चढा, शक्य तर सायकलने या. चळवळीतील काही कार्यकर्त्यांना हा उपक्रम निरुपद्रवी वाटतो, तर काहींना टिंगलीचा विषय वाटतो. दोघांचीही गल्लत होत आहे. या उपक्रमामागे एक विचार आहे, त्या विचाराला इतिहास आहे आणि त्याचा राजकीय परिणाम कामगाराच्या मुळावर येणारा आहे. म्हणूनच त्याचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काटकसरीला विरोध करण्याचे समाजवाद्यांना यत्किंचितही कारण नाही. उधळपट्टी हा भांडवलशाहीचा स्वभाव आहे आणि साधेपणा हा भारतीय समाजवादाचा वारसा आहे. निसर्गाचे भांडवल खाऊन उभी राहणारी अर्थव्यवस्था टिकाऊ असू शकत नाही, हा विचार जे. सी. कुमारप्पांनी १९४५ मध्ये 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात मांडला, तेव्हा पर्यावरण हा शब्दही राजकारणात रुळलेला नव्हता. परंतु याच वारशाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. गांधीजींनी संयमाचा आरंभ स्वतःपासून केला. दुर्बलांना संयमाचे धडे देऊन सबळांना मोकळे सोडणे त्यांच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हते. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा वेतनाचा प्रश्न आला, तेव्हा स्नेही असलेल्या गिरणीमालकांच्या विरोधात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी उपोषणही केले. शिपायाने पंखा बंद करावा आणि संचालक मंडळाने काय करावे हे कोणी विचारू नये, अशा साधेपणाला गांधीविचाराचा आधार देणे ही त्या विचाराची विटंबना होय.

प्रदूषणाची जबाबदारी उत्पादकाकडून काढून सामान्य माणसाच्या सवयींवर टाकण्याची युक्ती आजची नाही. परत घेतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्यांची जुनी रीत मोडून एकदा वापरून फेकण्याचे डबे आणि बाटल्या अमेरिकी बाजारात आणल्या गेल्या, तेव्हा रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचू लागले. या वस्तूंच्या उत्पादकांच्याच पुढाकाराने १९५३ मध्ये 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये तिने एक जाहिरात दूरचित्रवाणीवर आणली. रस्त्याकडेचा कचरा पाहून एका मूलनिवासी पुरुषाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो, असे तिचे दृश्य होते. कचरा करणारा नागरिक गुन्हेगार ठरला आणि कचऱ्यावाचून ज्याचा नफा होत नव्हता तो उत्पादक समाजसेवक ठरला. पुढे २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने प्रत्येक व्यक्तीला आपला 'कार्बन फूटप्रिंट' मोजता यावा म्हणून एक गणनयंत्र लोकांपुढे ठेवले. विहिरी खोदून तेल उपसणाऱ्याने आपल्या ग्राहकाला त्याच्या पापाचा हिशेब मांडायला शिकवावे, यापेक्षा चतुर व्यापार कोणता?

भारतात हाच विचार सरकारी इतमामाने अवतरला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडिया येथे पंतप्रधानांनी 'मिशन लाइफ' या मोहिमेचा आरंभ केला. व्यक्तींनी अंगीकारावयाच्या ७५ कृतींची यादी तिच्यासाठी सिद्ध झाली. यादीतील बहुतेक कृतींशी भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते तिच्या व्याकरणाशी. यादीतील क्रियापदे नागरिकाला उद्देशून आहेत. औष्णिक वीज केंद्र, रंगरसायनांचा कारखाना किंवा खाणमालक यांना उद्देशून अशी यादी निघत नाही आणि निघाली तर ती शपथेच्या रूपात निघणार नाही. त्यासाठी कायदा लागेल.

कायद्याचे काय चालले आहे, तेही याच्या शेजारी ठेवून पाहावे. भोपाळनंतर झालेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात नियमभंगासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या 'जनविश्वास' कायद्याने ती काढून टाकली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. ती कैद फारशी कोणाला भोगावी लागली नव्हती हे खरे. पण तुरुंगाची भीती आणि पंधरा लाखांचे बिल यांत फरक आहे. मोठ्या कारखान्याच्या ताळेबंदात हा दंड किरकोळ खर्चाच्या सदरात सहज जिरून जातो. एकीकडे कारकुनाच्या पंख्यावर नैतिक पहारा बसवायचा आणि दुसरीकडे सांडपाणी सोडणाऱ्याच्या मानगुटीवरचा कायद्याचा हात सैल करायचा, या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही गोष्ट नवी नाही. आर्थर पिगू यांनी १९२० च्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेलफेअर' या ग्रंथात खासगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावत दाखवून दिली. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्यांचे होणारे नुकसान कारखानदाराच्या हिशेबवहीत येत नाही. विल्यम काप हे १९५० मध्ये त्याच्या पुढे गेले. ही तफावत म्हणजे बाजाराची क्वचित होणारी चूक नसून खासगी उद्योग आपला खर्च पद्धतशीरपणे समाजावर ढकलत असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. कार्यालयातील 'हरित सवयीं'ची मोहीम या प्रक्रियेत एका पायरीची भर घालते. खर्च तर पूर्वीच समाजावर ढकललेला असतो. आता दोषही ढकलला जातो.

या मोहिमेचा कंपन्यांना रोकडा उपयोगही आहे. २०२२-२३ या वर्षापासून 'सेबी'ने भांडवली बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्व आणि शाश्वतता यांचा अहवाल देणे सक्तीचे केले आहे. उद्देश चांगला आहे आणि त्यातील प्रदूषणाचे आकडे कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावेत. मात्र जबाबदार वर्तनाच्या तत्त्वांचे प्रशिक्षण किती टक्के कर्मचाऱ्यांना दिले, असाही एक रकाना त्यात आहे. शपथविधी आणि व्याख्याने यांनी तो सहज भरता येतो. अहवालावर कामगार संघटनेची सही मात्र लागत नाही. गुंतवणूकदाराला कारखान्याची पर्यावरणविषयक स्थिती मालकाच्या तोंडून कळते. रोज त्या धुरात उभा राहणारा माणूस त्या अहवालात फक्त एक टक्केवारी असतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, व्यक्ती बदलल्याखेरीज समाज बदलत नाही आणि कामावरच्या सवयींनी खरोखरच फरक पडतो. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर एका ओळखीच्या उदाहरणाने देणे योग्य होईल. राज्य परिवहनाचा चालक हा महाराष्ट्रातील इंधनबचतीचा सर्वांत जुना विद्यार्थी म्हटला पाहिजे. दहा लिटर डिझेलवर गाडी किती किलोमीटर धावली, यावर आगारात त्याचे मोजमाप होते. गिअर केव्हा बदलावा, उगाच ब्रेक दाबू नये, थांब्यावर इंजिन बंद करावे, हे त्याला सांगितले जाते. चांगल्या चालकाच्या हातून खरोखर डिझेल वाचते. सवयीचे मोल खोटे नाही. पण गाडी किती जुनी आहे, टायर केव्हा बदलले, कार्यशाळेत सुटे भाग आहेत की नाहीत, रस्त्यात खड्डे किती, यांतले काय त्याच्या हाती आहे? आकडा मात्र त्याच्या नावावर चढतो.

त्याहून मोठा हिशेब पुढेच आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून ही सेवा खेड्यापाड्यांतील माणसाला स्वतःचे वाहन न बाळगता प्रवास करू देत आली आहे. चाळीस माणसे एका इंजिनावर जातात, याहून मोठी इंधनबचत कोणती? फेरी रद्द झाली, गाडी बंद पडली, आगाराची जागा विकासकाला देण्याची चर्चा सुरू झाली की तेच प्रवासी वडापकडे किंवा दुचाकीकडे वळतात. चालकाने वर्षभर जपून वाचवलेले डिझेल एका रद्द झालेल्या फेरीच्या प्रवाशांनी काही दिवसांत जाळलेले असते. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात एस.टी. कामगार वेतनासाठी आणि विलीनीकरणासाठी लढत होते. त्या लढ्याच्या मुळाशी सार्वजनिक वाहतूक टिकणार की नाही, हा प्रश्न होता आणि म्हणून तो पर्यावरणाचाही लढा होता. दुर्दैवाने तसे कोणी म्हटले नाही. पर्यावरणवाद्यांना त्यात पर्यावरण दिसले नाही आणि संघटनांनाही दिसले नाही.

इंधनबचतीत निदान पैशाचाच हिशेब चुकतो. जेथे विषारी द्रव्ये हाताळली जातात, तेथे निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाईल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यापूर्वीचा घटनाक्रम पाहावा. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला होता. कामगार संघटनांनी त्यावर जाहीर ओरड केली. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या लेखांतून शहराला इशारा दिला. व्यवस्थापन मात्र खर्चाला कात्री लावण्यात गुंतले होते. या वायूच्या विभागातील कामगारांची संख्या बारावरून सहावर आली. टाक्या थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी निकामी होता. बटण बंद करून बचत करण्याची शिकवण तेथेही पाळली गेली होती. पण कोणते बटण बंद करावयाचे हे ज्यांनी ठरवले, त्यांना त्या टाकीशेजारी रात्रपाळी करावयाची नव्हती. ज्यांना करावयाची होती, त्यांना ठरवण्याचा अधिकार नव्हता.

त्या विनाशातून देशाने एक धडा घेतला होता. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात नवे प्रकरण आले. घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक झाली. धोक्यांची माहिती उघड करणे मालकावर बंधनकारक झाले. जिवावर बेतणारा धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या निदर्शनास आणून देण्याचा कामगारांचा हक्क मान्य झाला. काम थांबवण्याचा हक्क तेव्हाही मिळाला नाही आणि अनेक ठिकाणी या समित्या कागदावरच राहिल्या. तरी तत्त्व मान्य झाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. जेथे विजेवर चालणारा आणि दहा कामगार असलेला उद्योग पूर्वी 'कारखाना' होता, तेथे आता वीस कामगार लागतात. सुरक्षा समिती कोठे असावी, हे सरकारच्या आदेशावर सोपवले आहे. निरीक्षकाचे नावच बदलून त्याला मालकाचा सहायकही करण्यात आले आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. त्या वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना विचारावे की, त्यांना निरीक्षक हवा आहे की सहायक.

परंतु सगळा दोष मालक आणि सरकार यांच्या पदरी टाकून कामगार चळवळीला मोकळे होता येणार नाही. विषारी धुराबद्दल संघटनांनी वर्षानुवर्षे काय मागितले? धोका भत्ता, गूळ आणि दूध. धूर बंद करण्याची मागणी त्यांच्या मागणीपत्रात क्वचितच आली. फुप्फुसाची किंमत ठरवून ती पगारात जोडून घेण्याला विजय समजले गेले. कारखान्याचे सांडपाणी कुंपणाबाहेर गेले की ते गावाचे प्रकरण झाले आणि गावकऱ्यांनी मोर्चा आणला की तो रोजगारावरचा हल्ला झाला. त्या गावातच बहुधा कंत्राटी कामगार राहत होते आणि सांडपाण्याच्या टाक्या साफ करण्याचे सर्वांत घातक काम त्यांच्याकडेच होते; परंतु ते संघटनेचे सभासद नव्हते.

या दुराव्याची किंमत काय असते, हे दिल्लीने दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जुलै महिन्यात दिल्लीतील १६८ घातक कारखाने त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत शहरातून बंद करण्याचा आदेश दिला. हवा शुद्ध करण्याचा हेतू योग्यच होता. कामगारांना मोबदला देण्याचेही आदेशात होते. पण हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याला मोबदला कोण देणार? पर्यावरणाचा निर्णय कामगाराला वगळून झाला की त्याचे बिल कामगाराच्या नावावर फाटते. कामगाराने पर्यावरणाकडे पाठ फिरवली म्हणून हा धोका टळत नाही, उलट अधिक जवळ येतो.

दुसरा मार्ग आहे आणि त्यावरून कामगार चालून गेलेले आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १९७१ मध्ये केलीज बुश ही नदीकाठची उरलीसुरली वनराई तोडून आलिशान घरे उठणार होती. परिसरातील महिलांनी बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे धाव घेतली. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालील त्या संघटनेने तेथे काम करण्यास नकार दिला. पुढील काही वर्षांत अशा चाळीसहून अधिक 'हरित बंदी' त्यांनी पुकारल्या आणि शहरातील जुनी वस्ती व उद्याने वाचवली. विटा वाहणारा माणूस आपल्या श्रमाचा उपयोग कशासाठी व्हावा, हे ठरवू लागला. इंग्लंडमध्ये लुकास एरोस्पेस या शस्त्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत कामगारकपातीचे संकट आले, तेव्हा कामगार प्रतिनिधींनी १९७६ मध्ये पर्यायी उत्पादनांचा आराखडाच सादर केला. त्यात पवनचक्क्या, हीट पंप, संकरित इंजिने, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे अशा सुमारे १५० कल्पना होत्या. व्यवस्थापनाने तो फेटाळला. आज त्यांतील कित्येक वस्तू जगाला शोधूनही पुरत नाहीत. भारतात दल्ली-राजहराच्या लोहखाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने संपूर्ण यांत्रिकीकरणाला अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला, १९८३ मध्ये श्रमिकांचे स्वतःचे रुग्णालय उभारले आणि जंगलाचा प्रश्नही आपला मानला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. सवयी सुधारण्याचा उपदेश करणाऱ्याची हत्या कोणी करीत नाही. उत्पादनाच्या निर्णयात वाटा मागणारा मात्र धोकादायक ठरतो.

पुढच्या ५ जूनला संघटनांनी काय करावे, याचे उत्तर यातून मिळते. शपथविधीवर बहिष्कार घालण्याची आवश्यकता नाही. रोपे लावावीत, दिवेही बंद करावेत. मात्र त्याच सभेत उभे राहून कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेले संमतिपत्र वाचून दाखवण्याची मागणी करावी. १९७४ च्या जल कायद्यानुसार आणि १९८१ च्या वायू कायद्यानुसार रोज किती सांडपाणी आणि किती धूर सोडण्याची मुभा आहे, हे त्यात लिहिलेले असते. व्यवस्थापनाने टाळाटाळ केली तर २००५ चा माहितीचा अधिकार हाताशी आहे. मंडळाकडे अर्ज करावा. आकडे मिळाले की ते मराठीत फलकावर लिहून फाटकाबाहेर लावावेत, म्हणजे कामगार आणि गाव दोघेही ते वाचतील.

त्यानंतरचे काम वेतनकराराच्या टेबलावरचे आहे. पुढील प्रत्येक करारात चार कलमे हवीत. सांडपाणी व धूर यांच्या रोजच्या नोंदी संघटनेला पाहता आल्या पाहिजेत. शुद्धीकरण यंत्रणा बंद ठेवण्याचा किंवा घातक काम बेफिकिरीने उरकण्याचा हुकूम नाकारणाऱ्या कामगारावर कारवाई होता कामा नये. सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी असला पाहिजे. आणि वीज, पाणी, इंधन यांच्या बचतीतून होणारा लाभ नफ्यात न जिरवता प्रथम यंत्रणेच्या सुधारणेवर खर्च झाला पाहिजे. चौथ्या कलमाची विशेष गरज आहे. आज कामगाराच्या काटकसरीने बिल कमी होते, ते मालकाचे. आणि त्याच काटकसरीने मिळते ते प्रशस्तिपत्र, तेही मालकाला.

हे सोपे नाही. जेथे संघटनाच उरली नाही, निम्म्याहून अधिक माणसे कंत्राटावर आहेत आणि बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फाटकातून परत पाठवतात, तेथे एकट्या कामगाराकडून शौर्याची अपेक्षा ठेवणे हाही एक प्रकारचा सवयींचा उपदेशच ठरेल. म्हणून हे काम पक्षाने अंगावर घेतले पाहिजे. गावातील नदी बचाव समिती आणि कारखान्यातील संघटना यांची एकत्र बैठक पक्षाच्या तालुका कार्यालयात व्हावी. कामगाराकडे कारखान्याच्या आतली माहिती आहे, गावाकडे संख्याबळ आहे. आजवर मालकाने दोघांना एकमेकांविरुद्ध वापरले, कारण दोघांना एका सतरंजीवर बसवणारे कोणी नव्हते. पर्यावरण दिनाची तयारी करावयाची असेल तर तालुका समित्यांनी ती या बैठकीपासून करावी.